बी कॉम्प्लेक्सची बाटली

माझ्याकडं एक पांढरी प्लास्टिकची बाटली आहे, बी कॉम्प्लेक्सची, लेबल निम्मं फाटलेलं, झाकणाला चीर गेलेली, आणि त्यात बी कॉम्प्लेक्सची एक गोळी कित्येक वर्षांत पडलेली नाही. त्यात ओलान्झापिन असायचं. रात्री झोपताना एक. पट्टीवर नाव छापलेलं असतं ना, आणि हल्ली कुणीपण मोबाईलवर नाव टाकलं की दोन सेकंदात कुंडली बाहेर, म्हणून मी महिन्यातनं एकदा दाराला कडी लावून बसायचो, पट्टीतनं एकेक गोळी फोडून बाटलीत टाकायचो आणि रिकामी पट्टी कातरीनं बारीक कापून कचऱ्यात, आणि तेपण आमच्या डब्यात नाही, चार गल्ल्या सोडून लांबच्या कोंडाळ्यात. डॉक्टरांना कळलं तेव्हा वैतागले, म्हणाले अहो पट्टीतनं काढून ठेवली की ओल लागते गोळीला, असं नका करू. मी हो हो म्हणलं आणि पुढच्या महिन्यात परत कडी लावून बसलो.

तर मला स्किझोफ्रेनिया आहे. 2004 पासनं. तेव्हा मी एकवीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर. आधी झोप गेली. मग मेसचं जेवण नको वाटायला लागलं, त्यात काहीतरी घालतायत असं पक्कं बसलं डोक्यात. आणि मग आवाज. लोकांना वाटतं आवाज म्हणजे सिनेमातल्यासारखं कुणीतरी घोगऱ्या आवाजात 'मार त्याला' वगैरे म्हणतंय. माझ्याकडं तसलं काही नव्हतं, माझ्याकडं दोघं होते आणि ते आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ, सावकाश बोलायचे, तेपण माझ्याशी नाही, माझ्याबद्दल, आपापसात.

"आता तो चप्पल घालतो आहे."

"डावी आधी घातली."

"हो. ठरल्याप्रमाणे."

ते 'ठरल्याप्रमाणे' असं होतं की अंगावर काटा यायचा. कुणी ठरवलं? कधी? मग मी मुद्दाम उजवी आधी घालायचो, तर ते म्हणायचे, अपेक्षेप्रमाणे बदल केला. काय करणार आता! एकदा तर मी पाऊण तास चपलांसमोर नुसता उभा होतो.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. तेव्हा अजून तिकिटांचा ट्रे असायचा आणि हातात पंच, टिक टिक करत भोकं पाडायचे. मला होस्टेलवरनं घरी आणल्यावर मी त्यांच्या पिशवीतली तिकिटं काढून उजेडासमोर धरून बसायला लागलो, भोकांची जागा बघून वहीत लिहायचो, कारण मला खात्री होती की आप्पांच्या नकळत त्यांच्याकडनं कुणीतरी माझ्यासाठी निरोप पाडून घेतंय. ती वही अजून आहे. अक्षर माझंच, आकडे नीट रकान्यात, बेरीजपण बरोबर. बेरजा कशाच्या ते मात्र देव जाणे.

आईनं आधी कुणाला दाखवलं असेल तर ते डॉक्टरांना नाही हे सांगायला नकोच. एका गावात देवऋषी होता, गावाचं नाव नको. मार्गशीर्ष महिना, पहाटे, एकवीस कळशा गार पाणी, मग अंगारा, लिंबू, आणि 'नाव सांग' म्हणून दरडावणं. मी माझं नाव सांगत होतो आणि ते मान्य करत नव्हते. आमच्या सांगलीशेजारच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी इतकी वर्षं झगडले तो 2013 ला त्यांचा खून झाल्यावर आला, भूत उतरवायच्या नावाखाली साखळीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. पण 2004 ला असा कायदा असता तरी आमच्यात तक्रार कोण करणार होतं, कळशी आईच्याच हातात होती. आणि ती रडत होती. तिला काय कळत होतं, तिला फक्त जुना पोरगा परत पाहिजे होता.

शेवटी आप्पांनी रजा टाकून मिरजेला एका डॉक्टरांकडं नेलं. तिथं पहिलं इंजेक्शन हॅलोपेरिडॉलचं, आणि घरी आल्यावर संध्याकाळी माझी मान डावीकडं वळली ती वळलीच. जबडा आवळलेला, डोळे वर, जीभ आत जाईना. चुलती दारातच म्हणाली, बघा, मी म्हणत होते ना, बाहेरचंच आहे, डॉक्टरच्या औषधानं खवळलं. खरं म्हणजे हा त्या औषधाचा ठाऊक असलेला त्रास आहे, तरुण पोरांत जास्तच दिसतो, आणि त्यावर दुसरं इंजेक्शन असतंय. रिक्षात घालून परत नेलं, ते इंजेक्शन दिलं, वीस मिनिटांत मान सरळ. पण असं होऊ शकतं हे आधी कुणीतरी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर चुलतीच्या त्या एका वाक्याला आमच्या अख्ख्या भावकीत दहा वर्षं जी किंमत आली ती आली नसती. ती गोष्ट अजून सांगितली जाते, फक्त दुसऱ्या इंजेक्शनचा भाग त्यातनं गाळून.

मराठीत ह्याला छिन्नमनस्कता म्हणतात. ऑयगन ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरनं 1908 मध्ये स्किझोफ्रेनिया हा शब्द काढला, ग्रीकमधनं, दुभंगलेलं मन असा अर्थ, आणि आपल्याकडं त्याचंच शब्दाला शब्द भाषांतर झालं. त्याला म्हणायचं होतं की विचार, भावना, वागणं ह्यांचा एकमेकांशी सांधा निखळतो. लोकांनी घेतलं की एका अंगात दोन माणसं. मला एकानं खरंच विचारलंय, रात्री तू दुसराच कोणतरी होतोस काय? म्हणलं रात्री मी घोरतो, आईला विचार. जपानमध्ये पण त्या आजाराचं नाव असंच होतं, मन फाटल्याचा रोग अशा अर्थाचं, त्यांनी 2002 ला ते अधिकृतपणे बदलून टाकलं, कारण तसलं नाव असलं की डॉक्टरच पेशंटला सांगायला कचरायचे. आपल्याकडं नाव बदलून काय होईल माहीत नाही, आपल्याकडं शेवटी एकच शब्द चालतो, 'येडं'.

आणि हे काही लाखात एक प्रकरण नाही हो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते जगात साधारण 300 माणसांत एक. मी धंद्यानं हिशोबनीस, त्यामुळं मांडून बघितलं. सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिकेत 2011 च्या जनगणनेला पाच लाखाच्या वर माणसं. त्याच प्रमाणानं धरलं तर सोळाशेच्या वर झाली. सोळाशे! मी सांगलीत जन्माला आलो, ह्या सोळाशेतली दवाखान्याबाहेर मला ओळखू आलेली किती? दोन. बाकीच्यांच्या बाटल्यांवर काय लेबलं असतील कुणास ठाऊक.

औषधानं आवाज एकदम बंद झाले नाहीत, लांब गेले. आधी शेजारच्या खोलीत, मग गल्लीच्या टोकाला. डॉक्टर सांगतात की मेंदूत डोपामिन म्हणून असतं त्याचं काम ह्या गोळ्या आवरतात, म्हणून ते संशयाचं आणि आवाजांचं कमी होतं. पण दुसरं एक असतं जे कुणाला दिसत नाही, ते म्हणजे काहीच करावंसं न वाटणं. दात घासायला उठायचं म्हणजे अजिंक्यतारा चढायचा. ह्याला लोक आळस म्हणतात, माजलाय म्हणतात, बसून खातोय म्हणतात. त्यात ओलान्झापिननं भूक अशी लागते की दोन भाकरी खाऊन उठलं की परत पाटाकडं नजर. माझं वजन 58 चं 84 झालं, दीड वर्षात. चुलतीच म्हणाली, बघा, काही आजार नाही, तब्येत कशी सुधारलीय. चुलतीवर एक वेगळंच काहीतरी लिहायला पाहिजे.

घरातला सगळ्यात अवघड प्रश्न मात्र तीन शब्दांचा होता. गोळी घेतलीस का? मी भाजीत मीठ जास्त झालं म्हणलं, गोळी घेतलीस का. टीव्ही बघताना मोठ्यानं हसलो, गोळी घेतलीस का. एकदा आप्पांनी माझे पैसे मला न विचारता नात्यातल्या कुणाला तरी उसने दिले आणि मी चिडलो, साहजिक आहे, कुणीपण चिडेल, तर आप्पा शांतपणे आईकडं वळून म्हणाले, ह्याची गोळी चुकली का गं? घेतली होती मी गोळी! वेळेवर घेतली होती. पण आता आणखी चिडलो असतो तर ती चुकल्याचा पुरावाच झाला असता ना, मग काय, उठून गच्चीवर गेलो. राग माझा होता आणि तो पण माझ्या नावावर जमा होत नव्हता.

इंजिनिअरिंग सुटलंच. नंतर बाहेरनं बी. कॉम. केलं. एका पतसंस्थेत लागलो, तिथं ड्रॉवरमधली पट्टी एकाच्या हाताला लागली, त्यानं नाव बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासनं माझ्याकडं कॅश मोजायला कुणी देईना. कुणी काही बोललं नाही, तेच तर. चहा सगळ्यांना एकदम यायचा, माझा पण यायचा, फक्त माझ्या टेबलाजवळ कुणी तो प्यायला थांबत नव्हतं. महिन्यानं 'सध्या गरज नाही' म्हणून सांगितलं. बाटलीची आयडिया तिथनं पुढची.

बहिणीचं जमायला लागलं 2010 ला. बघायला आटपाडीकडचे पाहुणे येणार म्हणल्यावर मला तीन दिवस आधी तासगावला मामाकडं पाठवलं, 'बेदाण्याच्या शेडवर मदतीला'. मार्च महिना, जाळ्यांवर द्राक्षं सुकत घातलेली, खाली मी. मामाला माझी मदत काही नको होती, तो बिचारा मला दर तासाला विचारायचा, चहा घेतोस का रं? मी म्हणायचो घेतो. तीन दिवसांत इतका चहा झाला. तिसऱ्या दिवशी फोन आला, पसंती झाली म्हणून, मामानं मूठभर हिरवे बेदाणे माझ्या हातावर ठेवले, तोंड गोड कर म्हणला, आणि मला ते गिळवेनात. लग्नात मी होतो, कोट घालून, आणि आईनं मला बजावून ठेवलं होतं की पाहुण्यांशी कमी बोल. पुढची नऊ वर्षं बहीण सासरी हे गुपित पोटात घेऊन राहिली. मला फोन करताना परसात जाऊन बोलायची.

मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर लागलो त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवाणजी म्हणतात मला तिथं. तिथल्या एका जुन्या हमालमामांनी मला हरिपूरच्या पेवांचं सांगितलं होतं. पूर्वी हळद जमिनीखाली पेवात साठवायचे, वीस वीस फूट खोल, वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली हवा मारते, आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा, विझला तर थांबायचं. मला ते ऐकल्या ऐकल्या पटलं, कारण माझा पण एक कंदील आहे, झोप. सलग दोन रात्री चारच्या आधी जाग आली की तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करतो, कारण काही सुचत नाही म्हणून नाही, उलट फार सुचायला लागतं म्हणून. डोसात थोडा फरक करतात, आठवड्यात जागेवर येतो. 2012 ला हे माहीत नव्हतं, बरं वाटतंय म्हणून गोळी माझी मीच बंद केली आणि सहा महिन्यांत ते दोघं परत हजर, 'ठरल्याप्रमाणे'.

आता पुराचं सांगतो.

2019 चा ऑगस्ट. आम्ही गावभागात राहतो, नदीच्या अंगाला. 2005 चा पूर आप्पांनी बघितलेला, त्यामुळं आधी ते म्हणत होते काही नाही येत, दोन पायऱ्या चढेल नि उतरेल. मग कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी एकेक फूट चढत असल्याचे मेसेज यायला लागले आणि शेवटी ते 57 फुटांच्या वर गेलं, तोवर आम्ही नव्हतोच. एक बॅग, कागदपत्रं, आईची बीपीची औषधं आणि माझी बाटली. फाईल, प्रिस्क्रिप्शन सगळं कपाटात खालच्या कप्प्यात राहिलं, म्हणजे पाण्यात. आणि जायला जागा कुठली, तर बहिणीचं सासर.

तिकडं आटपाडीत वेगळंच जग. इकडं सांगलीत माणसं होडीतनं काढतायत आणि तिकडं पाण्याच्या टँकरची वाट बघत घागरी लावलेल्या. एकाच जिल्ह्यात. बहिणीच्या सासऱ्यांनी आम्हाला आंघोळीला पाणी काढून दिलं ते बघून मला लाज वाटली.

मी मोजलं, बाटलीत नऊ गोळ्या. रात्री सगळे झोपल्यावर अंधारात घ्यायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी बहिणीच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणतो, माझ्या बॅगेजवळ बसून शेंगा फोडत होत्या, त्यांना बाटली दिसली.

"बी कांप्लेस हाय व्हय रं? मला दे की एक. तोंड आलंय दोन दिस झालं, तिखट सोसंना."

मी गप्प. बहीण स्वयंपाकघराच्या दारात, हातात परात, तशीच उभी. सासरे ओट्यावर. मावशींनी झाकण उघडलं पण होतं. आता ती गोळी साठीतल्या, शुगर असलेल्या बाईच्या पोटात जाऊ देणं शक्य नव्हतं. नऊ वर्षं जे सांभाळलं ते आता ह्या झाकणाशी आलं होतं. मी बाटली त्यांच्या हातातनं काढून घेतली, जरा जोरातच, आणि म्हणलं, मावशी ती बी कॉम्प्लेक्स नाही. माझी आहे. मला मानसिक आजार आहे, स्किझोफ्रेनिया म्हणतात, पंधरा वर्षं झाली, त्याची गोळी आहे.

कुणी काही बोललं नाही. मग मावशींनी शेंगेचं टरफल बाजूला टाकलं.

"ठाव हाय की आमाला."

"काय?"

"लग्नाआधीच ठाव हुतं. तुमच्याच गल्लीतल्या मानसानं सांगितलेलं. म्हनूनच तर तीन तोळं वाढवून मागितलं हुतं."

बहिणीच्या हातातली परात खाली आली नाही, तिनं ती नीट ओट्यावर ठेवली आणि आत गेली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. आप्पांनी त्या तीन तोळ्यांसाठी प्रॉव्हिडंट फंडातनं पैसे काढले होते, ते मान खाली घालून बसले. आणि मी, खरं सांगू, मला आधी हसूच आलं. हिशोबनीस माणूस. तासगावच्या चहाची, चार गल्ल्या लांबच्या कोंडाळ्याची, परसातल्या फोनची, सगळ्याची बेरीज डोक्यात व्हायला लागली, आणि उत्तर आलं तीन तोळे. हसू आलं पण ह्यावेळी कुणी मला विचारलं नाही गोळी घेतली का म्हणून.

राग नंतर आला. मावशींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे मला अजून झेपत नाही. 'मुलीच्या घरात असं असलं तर देनंघेनं वाढतंय, रीत हाय,' इतक्या साधेपणानं म्हणाल्या. आणि त्याच बाईंनी रात्री माझ्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला, घे आता उजेडात, अंधारात कशाला चाचपडतोस म्हणून.

गोळ्या संपत आल्या तेव्हा पाणी उतरायचं नाव घेत नव्हतं. डॉक्टरांचा फोन चौथ्या दिवशी लागला, त्यांनी प्रिस्क्रिप्शन लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. आटपाडीत ती गोळी मिळेना. सासरे, पासष्टीचे, कधी माझ्याशी 'कसं काय' च्या पुढं बोललेले नाहीत, त्यांनी स्प्लेंडर काढली आणि विट्यापर्यंत गेले, जाऊन येऊन ऐंशी नव्वद किलोमीटर. दोन पट्ट्या आणल्या. माझ्या हातात देताना म्हणाले, नाव लई अवघड हाय, दुकानदाराला मोबाईलच दाखवला. पैसे घेतले नाहीत. तीन तोळ्यांत वळते करून घेतले असतील असं मी बहिणीला म्हणलं, तर ती पहिल्यांदा हसली, आणि मग मला मारायला धावली.

परत आल्यावर घरात गुडघाभर चिखल. फाईल गेली, जुन्या चिठ्ठ्या गेल्या, आणि ती तिकिटांच्या भोकांची वही माळ्यावर होती म्हणून वाचली, बघा काय वाचावं ते! मी सेठना सांगून टाकलं, आता कशाला लपवायचं म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं, बरं म्हणाले, आणि दोन दिवसांनी गल्ल्याची किल्ली दुसऱ्या दिवाणजीकडं गेली. मी काही बोललो नाही पण घरी येऊन जेवलो नाही. दोन महिन्यांनी एका सकाळी किल्ली परत माझ्या टेबलावर, वहीवर ठेवलेली, एक शब्द न बोलता. का काढली ते पण नाही, का दिली ते पण नाही. मी उचलून खिशात घातली.

2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात विम्यापासनं उपचाराच्या हक्कापर्यंत बरंच काही आहे, 2016 च्या दिव्यांग कायद्यात पण मानसिक आजार धरलाय. वाचलंय सगळं. पण किल्ली कुठल्या कलमात बसत नाही. हां, एक सांगतो, रात्री अपरात्री कुणाला गरज पडली तर टेलिमानस म्हणून सरकारी फोन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी एकदा दुसऱ्यासाठी लावला होता, नीट बोलले.

पट्टी आता फ्रीजवर असते, आईच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी. रात्री मीच आईला विचारतो, घेतलीस का, आणि ती निम्म्या वेळा विसरलेली असते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीला भाचा आला होता. मोठा झालाय, आवाज फुटलाय. त्याला बहिणीनंच सगळं सांगितलंय. मी भडंग करत होतो, तो कट्ट्यावर बसलेला, मधेच म्हणला,

"मामा, ते आवाज यायचे ना तुला, ते आटपाडीचं बोलायचे का सांगलीचं?"

इतक्या वर्षांत एका डॉक्टरनं मला हे विचारलं नव्हतं. मी झारा थांबवून विचार केला.

"दोन्ही नाही रं. रेडिओवर बोलतात तसं. एकदम शुद्ध."

"मग तवाच कळाय पायजे हुतं की खोटं हायत म्हणून," म्हणला, आणि कढईतनं गरम भडंगाची मूठ उचलून बाहेर पळाला.